रक्ताला कागद, राखेला हवाबंद डबा: घटनास्थळी आधी पोहोचणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचणारे पोलीस कर्मचारी, तपास अधिकारी आणि त्यांना माणसं व साहित्य पुरवणारे वरिष्ठ

स. न. वि. वि.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आलेला रक्ताचा शर्ट उघडला की आधी कुबट वास येतो, मग बुरशी दिसते. पुढे काय होणार ते तिथेच कळतं. जप्ती रीतसर, सह्या-शिक्के जागच्या जागी, पण ओला कपडा हवाबंद कोंडला गेला, त्या दमटपणात जिवाणू वाढले आणि डीएनएचे तुकडे झाले. यंत्र कितीही नवं असलं तरी ते तुकडे परत जोडून देत नाही. मग अहवालात आम्ही लिहितो, ‘नमुना विश्लेषणास अयोग्य’, आणि न्यायालयात त्याचा अर्थ ‘पुरावा मिळाला नाही’ असा लावला जातो.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसं आहोत. आमच्या टेबलावर जे येतं त्याचंच उत्तर आम्ही देऊ शकतो, आणि काय यायचं ते पहिल्या तासाभरात तुमच्या हाताने ठरतं. म्हणून हे पत्र तज्ज्ञांच्या पथकासाठी नाही. त्या पथकाच्या आधी दारात उभ्या असणाऱ्या शिपायासाठी आहे.

पहिलं काम जखमी जिवंत आहे का ते पाहणं. त्यापुढे पुरावा गौण. पण जखमीला नेताना एक सूचना रुग्णवाहिकेतल्या लोकांना जरूर द्या: कपडे कापावे लागले तर गोळीच्या किंवा चाकूच्या भोकातून कात्री नेऊ नका, बाजूने कापा. आणि ते कपडे रुग्णालयाच्या कचऱ्यात जाण्याआधी मागून घ्या.

त्यानंतर जागा बंद करा. दोरी प्रत्यक्ष जागेपेक्षा बरीच बाहेर बांधा, कारण आत घेणं सोपं असतं, बाहेर ढकलणं अवघड. आत जायला-यायला एकच वाट ठरवा. गुन्हेगार ज्या वाटेने आला-गेला असण्याची शक्यता आहे, ती वाट सोडून. दारात एक जण वही घेऊन बसवा: कोण आत गेलं, किती वाजता, कशासाठी, कधी बाहेर आलं. या वहीत साहेबांचंही नाव लागलं पाहिजे. नाव लिहावं लागतं म्हटल्यावर निव्वळ बघायला आलेली गर्दी आपोआप कमी होते, हा या वहीचा न लिहिलेला फायदा. आतला नळ, संडास, फोन, पंख्याचं बटण वापरू नका. मृतदेहावर त्याच घरातली चादर पांघरू नका, कारण तिच्यावरचे केस आणि धागे देहावर येतात आणि देहावरचे चादरीवर जातात. एसी चालू होता की बंद, खिडकी उघडी होती की लावलेली, हे आत शिरताच लिहून ठेवा. मृत्यूची वेळ ठरवताना डॉक्टरांना खोलीचं तापमान लागतं, आणि कोणीतरी ‘गुदमरतंय’ म्हणून खिडकी उघडली की तो आधार गेला.

एदमाँ लोकार यांनी १९१० मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात पोलिसांसाठी छोटीशी प्रयोगशाळा उभी केली. दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचं काहीतरी राहतं, हा विचार त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रशिक्षणात तो सगळ्यांना शिकवतात, पण आरोपीच्या संदर्भात. तो तुम्हालाही तितकाच लागू आहे. डीएनएच्या चाचणीला साधारण एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशी. बोलताना उडणाऱ्या थुंकीत, खाजवताना पडणाऱ्या कातडीत त्याहून जास्त पेशी असू शकतात. म्हणून मास्क, म्हणून हातमोजे, आणि हातमोजे प्रत्येक वस्तूनंतर बदलायचे. एकच जोडी दिवसभर घालून फिरलात तर तुमचा हात सुरक्षित राहतो, पुरावा राहत नाही.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण जर्मनीतलं आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन इथे एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या डझनावारी गुन्ह्यांत आढळत होता. पोलीस तिच्यामागे धावत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात तयार होत, तिथे काम करणाऱ्या एका महिलेचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुक करण्याने जिवाणू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही. २०१६ मध्ये यासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आलं. साहित्य खरेदी करणाऱ्या वरिष्ठांना विनंती, की निविदेत नुसतं ‘निर्जंतुक’ लिहू नका, मानवी डीएनएपासून मुक्त असल्याची अट घाला. आणि प्रत्येक खेपेसोबत एक न वापरलेला बोळा आमच्याकडे कोरा नमुना म्हणून पाठवा.

आता पॅकिंग. इथेच सगळ्यांत जास्त नासधूस होते, म्हणून इथे जरा थांबतो.

रक्त, लाळ, वीर्य, घाम, म्हणजे शरीरातलं जे काही असेल ते आधी वाळवायचं, मग कागदात ठेवायचं. वाळवायचं ते सावलीत, खोलीच्या तापमानाला, खाली स्वच्छ कागद पसरून. ऊन नको, हेअर ड्रायर नको, अंगावर येणारा पंखाही नको. उष्णतेने आणि उन्हाने डीएनए खराब होतो आणि पंख्याने सैल धागे उडतात. घटनास्थळी वाळवायला वेळ नसेल तर ओली वस्तू तात्पुरती प्लॅस्टिकमध्ये न्या, पण ठाण्यात पोहोचताच बाहेर काढा. दोन तासांच्या वर तशी ठेवू नका. वाळलेला कपडा घडी घालताना डागावर डाग येऊ देऊ नका, मध्ये कोरा कागद घाला, आणि तो कागदही कपड्यासोबतच पाठवा. आरोपीचे आणि मृताचे कपडे एका पिशवीत, एका टेबलावर, एका माणसाच्या हातून बांधले गेले, तर त्यांच्यावर नंतर सापडणाऱ्या समान धाग्यांना काही किंमत उरत नाही.

भिंतीवरचा किंवा फरशीवरचा वाळलेला डाग उचलायचा असेल तर बोळ्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एखादा थेंब पुरे. बोळा ओलाचिंब केला की डाग पातळ होऊन पसरतो. डाग बोळ्याच्या टोकावर गोळा करा, सगळीकडे माखू नका. मग दुसरा कोरडा बोळा त्याच जागी फिरवा, तो उरलेलं टिपून घेतो. शेजारच्या स्वच्छ जागेचा तिसरा बोळा वेगळा घ्या. बोळे वाळवून हवा खेळणाऱ्या पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा. पाकीट जिभेने ओलं करून चिकटवणं अजूनही दिसतं. तसं पाकीट आलं की तुमचा डीएनए आम्हाला फुकट मिळतो.

आगीच्या जागेवर हाच नियम उलटा होतो. तिथे पेट्रोल, रॉकेल, थिनर यांची वाफ शोधायची असते आणि कागदातून ती काही तासांत निघून जाते. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतूनही ती झिरपते, शेजारच्या पुड्यात शिरते, आणि मग ज्या नमुन्यात पेट्रोल नव्हतं त्यातही दिसू लागतं. कोरा, न वापरलेला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा यासाठीच बनवलेली नायलॉनची पिशवी वापरा. डबा दोन तृतीयांशच भरा. वरच्या रिकाम्या जागेत जमणारी वाफच आम्ही तपासतो: डबा गरम करतो, आत टांगलेल्या कोळशाच्या पट्टीवर ती शोषून घेतो आणि मग मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात घालतो. काठोकाठ भरलेल्या डब्यात हे नीट जमत नाही.

नमुना सगळ्यात जास्त जळलेल्या जागेचा घेण्याचा मोह होतो. तिथे द्रव आधीच जळून गेलेला असतो. तो टिकतो फरशीच्या फटीत, गालिच्याच्या कडेखाली, कपाटाच्या पायाखाली, मातीत. मातीचा नमुना मात्र लगेच गोठवा, कारण मातीतले जिवाणू पेट्रोलमधले घटक खातात. आणि त्याच गालिच्याचा न जळलेला तुकडा तुलनेसाठी हवाच. गालिचा, फोम, चिकटद्रव्यं ही मुळात खनिज तेलापासूनच बनतात आणि जळताना त्यांच्यातून तशीच रसायनं निघतात. तुलनेचा तुकडा नसेल तर पेट्रोल ओतलं होतं की गालिचा जळला, हे ठामपणे सांगणं अवघड होतं. आग विझवणाऱ्यांच्या पंपात इंधन भरायचं असेल तर ते दोरीच्या बाहेर भरायला सांगा.

बाकीचं थोडक्यात. काच, रंगाचा पापुद्रा, सुटे केस, धागे यांची कागदाची पुडी बांधा, मग ती पुडी पाकिटात ठेवा. नुसत्या पाकिटाच्या कोपऱ्यातल्या फटीतून बारीक कण सांडतात. चाकू पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे पातं कशाला घासणार नाही. पिस्तुलाच्या नळीत पेन्सिल घालून उचलण्याची पद्धत चित्रपटातली आहे. नळीतले कण त्याने जातात आणि आतल्या खुणांना धक्का लागतो. खडबडीत मुठीला धरा, कारण तिथे बोटाचा ठसा तसाही उमटत नाही, मात्र त्याच मुठीवरून डीएनए घ्यायचा आहे हे ध्यानात ठेवून शक्य तितक्या कमी जागी धरा. रिव्हॉल्व्हर रिकामं करण्याआधी कोणत्या खान्यात काय होतं ते नोंदवा. गळफासाच्या दोरीची गाठ सोडू नका, कापू नका. गाठीपासून लांब कापा आणि कापलेली दोन टोकं सुतळीने जोडून ठेवा, म्हणजे कोणता काप तुमचा ते कळेल.

गोळी झाडताना संशयिताच्या हातावर बसलेले बारीक कण फार काळ टिकत नाहीत. माणूस हात खिशात घालतो, पुसतो, धुतो, आणि चार-सहा तासांत बहुतेक गेलेलं असतं. नमुना घेईपर्यंत हातांना कागदी पिशव्या बांधा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो. आधी या कणांचा नमुना, मग डीएनए, आणि शाई लावून बोटांचे ठसे सगळ्यांत शेवटी. स्वतः नुकताच गोळीबाराचा सराव करून आलेल्या माणसाने त्या संशयिताला बेड्या घालू नयेत. शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेला कण सापडला तरी तो कोणाच्या हातातून आला हे त्या कणावर लिहिलेलं नसतं.

मातीतल्या बुटाच्या ठशाचं फोटोवरून काम बिघडतं ते जवळजवळ नेहमी कोनामुळे. कॅमेरा तिवईवर, ठशाच्या बरोबर वर, काटकोनात. मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला, वरच्या जमिनीवर नाही. टॉर्चचा प्रकाश बाजूने, खालून तिरका टाका आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. नंतर साचा: ९०० ग्रॅम डेंटल स्टोनला (दातांचे साचे करायची कडक होणारी पूड) ३०० ते ३५० मिलिलिटर पाणी, पिशवीतच मळून पातळ पिठासारखं. थेट ठशावर ओतू नका, शेजारी ओतून आत वाहू द्या. अर्ध्या तासाने उचला. लागलेली माती घासू नका, साचा पुरता वाळायला एक-दोन दिवस जाऊ द्या. प्लास्टर ऑफ पॅरिस त्या मानाने मऊ असतं आणि माती साफ करताना बारीक खुणा झिजतात.

बोटांच्या ठशांबद्दल दोनच गोष्टी. कागदावरच्या ठशाला पावडर लावू नका. घामातली अमिनो आम्लं कागदात मुरलेली असतात, ती आम्ही निनहायड्रिन या रसायनाने जांभळी करून घेतो. आणि ज्या वस्तूवर ठसा आणि डीएनए दोन्ही हवेत तिथे आधी ठरवा की कोणता भाग कशासाठी. पावडरचा ब्रश एका घटनास्थळाचा डीएनए दुसऱ्यावर नेतो.

मोबाइल आणि सीसीटीव्ही यांना अजूनही ‘इतर मुद्देमाल’ समजलं जातं, खरं तर आज बहुतेक तपास तिथूनच सुरू होतात. चालू फोन बंद करू नका. एकदा अनलॉक होऊन पुन्हा लॉक झालेल्या फोनमधून बरंच काही काढता येतं. तोच बंद करून पुन्हा चालू केला की कूटबद्ध केलेला मजकूर पासवर्डशिवाय जवळजवळ हाती लागत नाही. अलीकडचे काही फोन सलग तीन दिवस अनलॉक झाले नाहीत तर स्वतःहूनच रीस्टार्ट होतात, म्हणून ‘सोमवारी पाठवू’ हे फोनच्या बाबतीत चालत नाही. एअरप्लेन मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे तपासा, फॅराडे पिशवीत, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत, ठेवा. पिशवीत फोन सिग्नल शोधत बॅटरी भराभर संपवतो, म्हणून सोबत पॉवर बँक आतच ठेवा. वायर पिशवीबाहेर काढली तर तीच अँटेना बनते. बंद सापडलेला फोन बंदच ठेवा. आणि ‘जरा गॅलरी बघतो’ म्हणून स्क्रोल करू नका. प्रत्येक स्पर्शाने फोनमधल्या नोंदी बदलतात आणि त्यांची वेळ तुमच्या ताब्यातली दिसते.

सीसीटीव्हीच्या यंत्राची वेळ क्वचितच बरोबर असते. रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा, आणि फरक मिनिट-सेकंदांत लिहा: पुढे की मागे तेही. एवढी एक नोंद नसेल तर कॉल रेकॉर्डशी चित्रीकरण जुळवताना उलटतपासणीत सगळा वेळेचा हिशेब कोसळतो. पडद्याचं मोबाइलवर केलेलं शूटिंग हा पुरावा नव्हे, आठवण आहे. मूळ स्वरूपातली फाइल, ती चालवणारा प्लेअर आणि घटनेच्या आधी-नंतरचा भरपूर भाग घ्या. डिस्क भरली की यंत्र जुनं पुसून नवं लिहितं. फाइल घेतल्या क्षणी तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, काढून जप्तीच्या कागदावर लिहा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती चौसष्ट अक्षरांची ओळ पूर्ण बदलते. हॅश आठवड्याने काढला तर तो त्या आठवड्यात काय घडलं याबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटी आमच्याकडे येणाऱ्या पत्राबद्दल. ‘सोबतच्या वस्तूंची तपासणी करून अहवाल द्यावा’ या एका वाक्यासोबत तीन-चार डझन पुडे येतात. यातला कोणता आधी उघडायचा? रक्ताचा डाग म्हटला तरी प्रश्न चार असतात. रक्त आहे का? माणसाचं आहे का? कोणाचं? आणि तिथे कसं आलं? पहिल्यासाठी घटनास्थळीच फेनॉल्फ्थॅलिनची चाचणी होते, पण ती फक्त अंदाज देते. काही भाज्यांचा रसही तिला फसवतो, तसं ल्युमिनॉल, म्हणजे रक्तावर अंधारात चमकणारं रसायन, ब्लीचला आणि तांब्याला फसतं. अशा चाचणीवरून पंचनाम्यात ‘रक्त आढळले’ लिहू नका, ‘रक्तसदृश डाग’ लिहा. तिसऱ्याचं उत्तर डीएनए देतो. चौथ्याचं देत नाही. संशयित म्हणत असेल की ‘मी जखमीला उचललं म्हणून शर्टाला रक्त लागलं’, तर रक्त कोणाचं हा वादच नाही. तिथे पाहायचे ते डागांचे आकार आणि जागा: टेकल्याने लागलेला डाग आणि वार होताना उडालेले बारीक शिंतोडे वेगळे असतात. हे आम्हाला कळायला त्याचं म्हणणं पत्रात हवं. त्याच घरात राहणाऱ्याचे ठसे त्या घरात सापडले याला काही अर्थ नाही, ते रक्तात उमटलेले असतील तर आहे.

डीएनए जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, ही समजूत दोन्ही बाजूंना नडते. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका माणसाला खुनाच्या आरोपाखाली महिनोन्महिने तुरुंगात ठेवलं गेलं, कारण मृताच्या नखांवर त्याचा डीएनए होता. खुनाच्या वेळी तो रुग्णालयात होता. त्याला ज्या वैद्यकीय मदतनिसांनी उचललं, तेच पुढे खुनाच्या जागी गेले होते. उलट बाजूही लक्षात घ्या: ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथे शोधलेली पद्धत गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हा तिने आधी कबुलीजबाब दिलेल्या तरुणाला निर्दोष ठरवलं होतं.

मग संशयिताचं म्हणणं कळवा असं म्हणत असताना एक गोष्ट कळवू नका असंही सांगतो: ‘आरोपीने कबुली दिली आहे’, ‘याच्यावर आधीचे गुन्हे आहेत’ वगैरे. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर सापडलेला एक अस्पष्ट ठसा एफबीआयच्या अनेक तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका वकिलाचा म्हणून नक्की केला. स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. ते तज्ज्ञ नवशिके नव्हते. एकाने ठरवलेलं दुसऱ्याला माहीत होतं, एवढं पुरलं. प्रयोगशाळेत आम्ही याची काळजी घेतो, पण पत्राच्या पहिल्याच ओळीत निकाल लिहून आला तर तो वाचला नाही असं करता येत नाही.

तेव्हा पत्रात एवढं असू द्या: काय घडल्याचा संशय आहे, त्याला विरोधी म्हणणं काय आहे, कोणत्या वस्तूचा कोणत्या प्रश्नाशी संबंध आहे, सगळ्यांत आधी काय हवं आहे. प्रत्येक पुड्यावर क्रमांक, जागा, तारीख, वेळ आणि उचलणाऱ्याचं नाव. सील फाटल्याशिवाय उघडणार नाही असं, आणि सही अर्धी टेपवर, अर्धी पाकिटावर. स्टेपल नको. सोबत घटनास्थळी गेलेल्या प्रत्येकाचा, अधिकाऱ्यांसह, गालाच्या आतला नमुना वगळणीसाठी द्या. हा नमुना संशयितांच्या यादीत जात नाही, फक्त तुमचा डीएनए ओळखून बाजूला काढण्यासाठी वापरला जातो. तो देण्याला अनेकांचा विरोध असतो हे माहीत आहे. त्याचे नियम, साठवण्याची मुदत आणि नष्ट करण्याची पद्धत लेखी ठरवून द्या, ही वरिष्ठांकडे आमची मागणी आहे. आणि पुडा बांधताना शंका आली, की कागद की डबा, तर बांधण्याआधी प्रयोगशाळेत फोन करा.

आपले,
फॉरेन्सिक प्रयोगशाळेत काम करणारे परीक्षक